उताराची कमाई

आमच्या गाडीची पूजा नीट झालीच नाही, असं आईचं अजूनही म्हणणं आहे. वास्तविक पूजेत काही कमी नव्हतं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, झेंडूचा हार होता, नारळ होता, पेढे होते आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या आणि सरावाने मला सांगितलं, "हं, आता चालू करा आणि लिंबांवरून पुढे घ्या."

मी बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर गाडी तयार असल्याची हिरवी खूण उमटली, एसीचा वारा सुटला. इंजिन मात्र हूं की चूं नाही. गुरुजी हात जोडून उभे, मी आत बसलेला. आई माझ्याकडे बघतेय, मी गुरुजींकडे.

"करा ना चालू."

"चालू आहे, गुरुजी."

गुरुजींनी वाकून बॉनेटजवळ कान नेला. आमच्या चौक गावात इतक्या गाड्यांची पूजा केलेला माणूस, पण अशी वेळ त्यांच्यावर आलेली नसावी. शेवटी मी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी गपचूप पुढे सरकली. लिंबं फुटल्याचा आवाज तेवढा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. कुंपणापलीकडून शेजारचे अण्णा ओरडले, "अरे धरा धरा, हँडब्रेक सुटला तिचा!" तेव्हापासून आईचा आक्षेप असा, की शुभकार्याला निघालेली गाडी देवाला ऐकू जाईल एवढा तरी आवाज करते. हिने केला नाही. आता देवाला कळणार कसं?

देवाचं देव बघून घेईल. माणसांना समजावणं जास्त अवघड गेलं. गाडी हायब्रीड आहे म्हणजे नक्की काय आहे, हे मी गावात इतक्या जणांना सांगितलंय, की आता नाक्यावरचे रिक्षावाले माझ्या वतीने परस्पर सांगतात. "साहेबांची गाडी अर्धी लाईटवर चालते." हे तसं बरोबर आहे. फक्त पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग चार्जिंगला कुठे लावता?" आणि "कुठेच लावत नाही" हे उत्तर कुणालाच पटत नाही. न लावता वीज येते कुठून? देव वरून भरतो का?

ही गाडी घरात कशी आली तेही सांगायला हवं. जुनी पेट्रोलची छोटी गाडी थकली होती. डिझेलचं नाव काढताच मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते नाव परत काढलं नाही. सीएनजी घ्यावी तर पंपावरच्या रांगा बघवत नाहीत. आमच्या भागातले सीएनजीवाले पहाटे उठतात ते फिरायला नव्हे, नंबर लावायला. पूर्ण विजेची गाडी जावयांकडे आहे, छान आहे. पण चौकला पावसाळ्यात वीज आकाशात जास्त आणि तारेत कमी असते. राहिली ही. दोन डगरींवर पाय ठेवू नये असं लहानपणापासून ऐकत आलो. इथे तर कंपनीच ते ठेवून देत होती, आणि वर वॉरंटीही देत होती. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर.

शोरूममधला मुलगा हुशार होता. त्याने मला 'स्मार्ट हायब्रीड' आणि 'स्ट्राँग हायब्रीड' असे दोन प्रकार सांगितले. स्मार्टमध्ये छोटी मोटर असते, ती इंजिनला जोर लावताना हात देते, पण एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँगमध्ये मोटर खरोखरची असते. हळू चालवताना इंजिन बंद करून तीच गाडी नेते, आणि इंजिन लागेल तेव्हा कामावर येतं. आपल्याकडे नावं ठेवताना जे स्मार्ट ते कमी काम करणारं, ही प्रथा या क्षेत्रातही आहे हे पाहून बरं वाटलं.

तशी ही कल्पना काही नवी नाही. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात प्रियस ही हायब्रीड गाडी विकायला आली, तेव्हा आपल्याकडे पद्मिनी टॅक्सी अजून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत होती. प्रियस २०१० मध्ये भारतात आली खरी, पण आयात केलेली, आणि किंमत अशी की तेवढ्यात तेव्हा कर्जतला जमिनीचा तुकडा आला असता. मध्यमवर्गाला परवडेल, निदान परवडतं असं भासेल, अशी स्ट्राँग हायब्रीड आली ती २०२२ साली. होंडाची सिटी आली, मारुतीची ग्रँड व्हिटारा आली, टोयोटाची हायरायडर आली. यातल्या शेवटच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. बंगळुरूजवळच्या बिडदीत एकाच कारखान्यात जन्मल्या आणि दोन घराण्यांची आडनावं लावून मांडवात उभ्या राहिल्या. मी कोणती घेतली ते सांगत नाही. उगाच जाहिरात नको, आणि अण्णांच्या मुलाने दुसरी घेतलीय.

या दोघींच्या कागदावर अ‍ॅव्हरेज लिहिलंय २७.९७. अठ्ठावीस म्हटलं असतं तरी कुणी कोर्टात गेलं नसतं, पण हा आकडा पुण्याचा आहे. पुण्यात कोथरूडच्या वरच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. गाडी देशात विकायची तर तिथल्यासारख्या चाचण्यांतून जावं लागतं. सकाळी त्या टेकडीवर चालायला जाणाऱ्या पुणेकरांना ती फक्त टेकडी म्हणून माहीत असते. चाचणीत गाडी जागेवरच रोलरवर धावते. ठरलेल्या वेळी ठरलेला वेग, ठरलेल्या वेळी थांबायचं. खड्डा नाही, म्हैस नाही, मागे बसून "जरा एसी वाढव" म्हणणारं कुणी नाही. अशा वातावरणात मीसुद्धा २७.९७ दिले असते. खऱ्या रस्त्यावर बावीस-तेवीस मिळाले तरी आनंद मानावा, आणि आम्ही मानतो.

सरकारच्या लेखी मात्र आमची गाडी कुठल्याच घरची नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. आमच्यावर आधी सेस धरून ४३ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला, तेव्हा तीन टक्के वाचले म्हणून ओळखीच्या एकाने खरोखर पेढे वाटले. चार मीटरच्या आत आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असतं तर १८ टक्केच लागला असता, पण आमची 'कॉम्पॅक्ट' म्हणवणारी गाडी चार मीटरच्या वर लांब आहे. ती किती कॉम्पॅक्ट आहे ते आमच्या अंगणातल्या फणसाला विचारा, खालची एक फांदी गेली त्याची. रोड टॅक्स महाराष्ट्रात विजेच्या गाड्यांना माफ, आम्हाला दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला लागतो तोच १२ टक्के. अटल सेतूवर २०२५ च्या ऑगस्टपासून विजेच्या गाड्यांना टोल नाही. जावई तिथून हात हलवत जातात. आमची गाडी टोलनाक्यापर्यंत विजेवर येते, बूथसमोर विजेवर उभी राहते, आणि टोल पूर्ण भरते. त्यांची नंबरप्लेट हिरवी, आमची पांढरी. अर्ध्या विजेला अर्धी सवलत द्यावी असं कुणाला सुचलं नाही, हे मी शोरूममधल्या मुलाला सुचवलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज बघता का?"

मग मुलीने हिशेब केला. ती बँकेत आहे, तिला हिशेबाची दया येत नाही. "बाबा, साधी गाडी रस्त्यावर १४ देते धरू, ही २२ देते धरू. पेट्रोल १०४ रुपये धरू. साधीला किलोमीटरमागे ७ रुपये ४३ पैसे, हिला ४ रुपये ७३. वाचतात २ रुपये ७० पैसे. ठीक? आता हायब्रीडला वरचे तीन लाख मोजायचे. ते फिटायला गाडी १ लाख ११ हजार किलोमीटर चालवावी लागेल. तुमचं रनिंग वर्षाला आठ हजार. म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं."

"मग फायदा सुरू," मी म्हणालो.

"हो. आणि पंधराव्या वर्षी नोंदणी संपते. पुन्हा पासिंगला न्यायची."

तरीही एक वर्ष माझ्या पदरात पडत होतं. पण तिचं संपलेलं नव्हतं. "आणि हेच तीन लाख सात टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाचे २१ हजार व्याज. पेट्रोल वाचणार वर्षाला २१ हजार ६००. म्हणजे बाबा, तुमची खरी बचत वर्षाला सहाशे रुपये."

घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या हिने विचारलं, "सहाशे रुपये, पण दर वर्षी ना?" आणि गाडी बुक झाली.

या प्रसंगानंतर मला कळलं की पेट्रोल वाचवणं आणि पैसे वाचवणं हे दोन वेगळे छंद आहेत. पैसे वाचवायचे असते तर आम्ही जुनीच गाडी दुरुस्त केली असती. आम्हाला काहीतरी वाया जात नाही याचं सुख हवं होतं. त्या सुखाला तीन लाख जास्त आहेत की नाहीत, हे ज्याच्या त्याच्या घरातली माणसं ठरवतील.

आता त्या 'न लावता वीज येते कुठून' या प्रश्नाचं उत्तर. कुठलीही गाडी धावते तेव्हा तिच्यात जोर साठलेला असतो. साध्या गाडीत ब्रेक दाबला की तो सगळा जोर ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत जातो. पेट्रोल जाळून कमावलेला वेग आपण दर गतिरोधकाला उधळतो. या गाडीत ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करू लागते, चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत टाकते. माझी आजी मिठाईच्या पुड्याचा दोरा कधी फेकत नसे. गाठ सोडवून, बोटांभोवती गुंडाळून फडताळात ठेवायची. ही गाडी तशी आहे. बॅटरीही फार मोठी नाही, जेमतेम पाऊण युनिटाची. घरातला फ्रिज दिवसभरात साधारण तेवढी वीज खातो. पण ती सारखी भरते, सारखी रिकामी होते, आणि त्या उलाढालीवरच सगळा कारभार चालतो.

म्हणूनच या गाडीचा न्याय उलटा आहे. साध्या पेट्रोल गाडीला मोकळा रस्ता मानवतो आणि गर्दीत ती घोटाघोटाने पेट्रोल पिते. हिला गर्दी मानवते. थांबा, सरका, थांबा, असं चाललं की इंजिन झोपलेलं असतं. एक्स्प्रेस वेवर शंभरने सोडलीत, की इंजिन सतत जागं, ब्रेक लागत नाही, कमाई बंद, आणि आकडा घसरतो. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाल्यापासून पुण्याला जाणारे आमच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी आता मुद्दाम जुन्यानेच जातो. एक्स्प्रेस वेचा टोल वाचतो तो वेगळाच, आणि तो मुलीच्या हिशेबात नव्हता.

पण हिची खरी परीक्षा घाटात. नवी गाडी आली की आमच्याकडे आधी महडला वरदविनायकाच्या पायांवर घालायची आणि मग बोरघाट चढवून आणायची, असा परिपाठ आहे. चढताना इंजिन आणि मोटर दोघं मिळून ओढतात. कर्जतच्या शेजारी राहणाऱ्याला यात नवल वाटायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात आणि मोकळी होऊन परत येतात. ती इंजिनं लागेपर्यंत गाडी उभी, म्हणून तर कर्जतच्या फलाटावर बटाटेवड्याचा एवढा धंदा वाढला. आमच्या गाडीतही बँकर लागतो, फक्त वडा खायला वेळ मिळत नाही.

लोणावळ्याहून चिक्की घेऊन परत फिरलो आणि गिअरचा दांडा 'डी'च्या खाली 'बी'वर आणला. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारे बाण सुरू झाले. पेट्रोलचा आकडा शून्य, आणि बॅटरीची एकेक पट्टी वर चढतेय. मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो, "बघ, आपण फुकट तर चाललोच आहोत, वर कमावतोय." ती म्हणाली, "समोर बघ."

मी समोरच बघत होतो, पण डोक्यात खोपोली होती. हा घाट उताराची कमाई शंभर वर्षांहून जास्त काळ खातोय. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, ते नळांतून पाचशेहून जास्त मीटर खाली खोपोलीला सोडायचं, आणि त्या जोरावर वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये सुरू झाली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज काढून झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, आणि पुढे ते गावांना नि कारखान्यांना पुरतं. एकाच पाण्यात दोन कामं. रेल्वे १८६३ मध्ये या घाटातून गेली, १९२९ मध्ये कल्याण-पुणे विजेवर आली, आणि आताची नवी इंजिनं घाट उतरताना मोटर उलटी चालवून वीज तारेत परत पाठवतात. एखाद्या वेळी खाली उतरणाऱ्या मालगाडीची वीज वर चढणाऱ्या गाडीला मिळत असेल. म्हणजे मी जे पाहून एवढा हरखलो होतो, ते या घाटात सगळेच करत आलेत. पाणी करतं, रेल्वे करते, मोटारगाड्यांना तेवढा उशीर झाला.

आणि मग बॅटरी भरली. शिंग्रोबाच्या देवळापर्यंतही आलो नव्हतो. सगळ्या पट्ट्या भरल्या आणि बाण थांबले. आता ही वीज ठेवायची कुठे? पाऊण युनिटाच्या पोटात एवढा घाट मावत नाही. मग गाडी ती जास्तीची वीज वापरून इंजिनच नुसतं फिरवते, पेट्रोल न देता, गाडी रोखून धरण्यासाठी. इंजिन गुरगुरू लागलं. पूजेला न झालेला आवाज घाटात झाला. उरलेला अर्धा घाट डोळ्यांदेखत वाया जात होता आणि मला काहीही करता येत नव्हतं. मी एसी पूर्ण वाढवला. हेडलाइट लावले. हिने ओढणी गुंडाळून घेतली आणि म्हणाली, "मला सर्दी करून वीज कुणाची वाचवतोयस?"

शिंग्रोबापाशी थांबलो. घाटातून जाणाऱ्या ड्रायव्हर मंडळींचा हा देव. इंग्रजांना घाटाची वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. जुन्या काळी पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडर इथे बॉनेट उघडून उभ्या असत, रेडिएटरमध्ये पाणी ओतत. आता कुणाची गाडी तापत नाही, तरी नाणं टाकल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मीही टाकलं. मुलीच्या हिशेबाने त्या वर्षीच्या बचतीतून दहा रुपये वजा.

गाडी माणसाला वळण लावते हे मात्र खरं. पडद्यावर ती दर फेरीनंतर मला शंभरपैकी गुण देते. हळू वेग घेतला, लांबूनच ब्रेक हलका दाबला, की गुण वाढतात. नव्वदच्या वर गेलो की पडद्यावर हिरवी पानं फुटतात. दहावीला मला एवढे मिळाले नव्हते, त्यामुळे मी आता फार अभ्यासू चालवतो. लांब लाल दिवा दिसला की पाय उचलतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून माझं अभिनंदन करतात. भाचा एकदा चालवायला बसला आणि एकसष्ट घेऊन परत आला. त्याला पुन्हा किल्ली दिलेली नाही. आणि गावातल्या कुत्र्यांचं म्हणाल, तर ती सुरुवातीला गोंधळली. ज्याच्यामागे भुंकत धावायचं त्याचा आवाजच नाही. हळू चालताना पायी माणसाला कळावं म्हणून गाडी एक बारीक गुणगुण करते, पण ती कुत्र्यांच्या अपेक्षेत बसत नाही.

अण्णांना मात्र काही पटत नाही. ते म्हणतात, खरं पेट्रोल वाचवायचं तर माथेरानला राहावं. मुद्दा बिनतोड आहे. माथेरान आमच्या डोक्यावर आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकहूनच ओढ्याच्या वाटेने वन ट्री हिलवर चढला आणि मग इंग्रजांना ते थंड हवेचं ठिकाण सापडलं. आमच्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं, पण त्यांना तिथे बंगला बांधायचा नव्हता. मॅलेट सकाळी चढून गेला, आम्हाला गाडीने जायचं तर कर्जत-नेरळचा भला मोठा वळसा, आणि तरी दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवावीच लागते. पुढे मोटारींना बंदी. हायब्रीड असो, पेट्रोल असो, नाक्यावर सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज सारखंच.

आणि एक गंमत. पंपावर आता मिळतं ते पेट्रोलही निव्वळ पेट्रोल नाही, त्यात २० टक्के इथेनॉल असतं, उसाचं नि धान्याचं. म्हणजे आमची गाडी काही पेट्रोलवर चालते, काही पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर आणि काही बोरघाटाच्या उतारावर. कागदावर दोनच इंधनं लिहिलीत. ज्या देशाला कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणावं लागतं, तिथे हे बरंच म्हणायचं. फक्त उसामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं आणि उतारामुळे वाढतं, त्यामुळे कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही.

तर, घ्यावी का? लोक विचारतात, म्हणून सांगतो. रोज एक्स्प्रेस वेने पुणे-मुंबई करत असाल तर घेऊ नका, तुमची बॅटरी नुसती वाहून न्याल. दारात चार्जर बसत असेल आणि वीज टिकत असेल तर सरळ विजेची घ्या, टोलही वाचेल. डिकीत लग्नाचं सामान न्यायचं असेल तरी नको. बॅटरीने बरीच जागा खाल्लेली असते. पण पनवेल ते खोपोली रोज रांगत जाणं नशिबी असेल, रनिंग माझ्या दुप्पट असेल आणि घरात बँकेत काम करणारी मुलगी नसेल, तर खुशाल घ्या. घेण्याआधी चालवून बघायची असेल तर चौकला या. शनिवारी सकाळी या. मुंबईचे सगळे फार्महाऊसवाले तेव्हा कर्जत फाट्यावर वळायला रांगेत असतात, गाड्या पावला-पावलाने सरकतात, आणि त्या रांगेत हिचं खरं अ‍ॅव्हरेज कळतं. किल्ली मी देईन. फक्त ऐंशीच्या खाली गुण आणू नका.